बिब्बा, बलाजुरी आणि वर्गातला चंचल मुलगा

गेल्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर चौथीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. ओढणीच्या टोकाला बांधलेली प्लास्टिकची छोटी डबी सोडून तिने टेबलावर ठेवली. आत राखाडी-तांबूस भुकटी होती. "सर, ये कुश्ता है. दिमाग का है बोले. मलाई में डाल के चार महीने से दे रही हूँ. देते रहूँ क्या?" डबीवर नाव नव्हतं, तारीख नव्हती, आत काय आहे याची यादी तर दूरच.

मुलाला मी दोन वर्षं शिकवतो. बाकावर पाच मिनिटं सलग बसणं त्याला जमत नाही. मराठीची कविता सुरू केली की दोन ओळी खणखणीत आवाजात म्हणतो, तिसऱ्या ओळीला त्याची नजर खिडकीबाहेर गेलेली असते. पेन्सिल, डबा, एका पायातली चप्पल यांपैकी काहीतरी रोज हरवतं. भांडखोर नाही. कुणी पडलं तर उचलायला पहिला धावतो. पण स्टाफरूममध्ये त्याचं नाव 'शैतान' पडलं ते पडलंच, आणि ते नाव घेणाऱ्यांत मीही होतो.

आईच्या प्रश्नाने मी खजील झालो, त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या पालकसभेत मीच तिला सांगितलं होतं, "याला जरा खमीरा, बदाम सुरू करा, डोकं शांत होईल." वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती पालकांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. बी.एड.ला 'समस्याग्रस्त बालक' या मथळ्याखाली पान-दीड पान शिकलो होतो, त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. माझं वाक्य घरी गेलं, तिथून अत्ताराच्या दुकानात, तिथून कुठल्या तरी हकिमाकडे, आणि परत आलं ते या डबीच्या रूपात. त्या दिवशी तिला एवढंच म्हणालो की तूर्त थांबवा, आणि मुलाला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मग वाचायला बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो, कारण अशा डब्या बऱ्याच घरांत आहेत.

आपल्या तिब्बी ग्रंथांत चंचल मुलाचा असा वेगळा आजार फारसा दिसत नाही. तिथे आजार आहे तो विसरण्याचा, निसयानचा. मेंदूचे तीन कप्पे मानले जात: पुढच्यात कल्पना, मधल्यात विचार, मागच्यात हाफिजा म्हणजे स्मरणशक्ती. मागचा कप्पा थंड आणि ओलसर झाला, बलगम वाढला, की माणूस विसरतो. चिखलावर शिक्का चटकन उठतो आणि चटकन पुसलाही जातो, तसं हे. मग उपाय काय, तर गरम आणि कोरड्या प्रकृतीच्या वस्तू. दहाव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरी इब्न अल-जज्जार या हकिमाने केवळ विसरभोळेपणावर एक स्वतंत्र रिसाला लिहिला. पुढच्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात वाचला जाऊ लागला.

या गरम-कोरड्या औषधांचा सरदार होता बलाजुर. हे नाव वाचून मला काही बोध झाला नाही. पुढे कळलं की बलाजुर म्हणजे आपला बिब्बा! संस्कृतात भल्लातक, तिथून फारसीमार्गे अरबीत बलाजुर. ज्याच्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करत, ज्याचा चटका लागला की कातडी उतते, आणि ज्याच्यावरून मराठीत 'कामात बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार आला, तो बिब्बा हिंदुस्थानातून बगदादला स्मरणशक्तीचं औषध म्हणून जात होता. शोधन करून, तुपा-मधात घोटून त्याचं माजून बनवत. हदीस पाठ करणारे, कुरआन हिफ्ज करणारे, दरबारात कारकुनी करणारे, ज्यांची रोजीरोटी पाठांतरावर होती अशा सगळ्यांना त्याचं आकर्षण होतं.

आता त्याची दुसरी बाजू. नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद इब्न याह्या नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. 'फुतूह अल-बुलदान' हा त्याचा ग्रंथ इस्लामच्या सुरुवातीच्या विजयांचा पायाभूत इतिहास मानला जातो. आपल्यासाठी त्याचं वेगळं मोल आहे. हजरत उमर यांच्या काळात अरबी आरमाराची एक तुकडी ठाण्यावर आली होती आणि ते खलिफांना अजिबात आवडलं नव्हतं, ही नोंद या ग्रंथात आहे. हा इतिहासकार जगाला माहीत आहे तो अल-बलाजुरी या नावाने, म्हणजे 'बिब्बेवाला'. इब्न अल-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये दिलेली हकीकत अशी की त्याने नकळत बलाजुरचा रस घेतला, उतारवयात त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, त्याला बीमारिस्तानात बांधून ठेवावं लागलं आणि तिथेच तो गेला. सन 892च्या सुमाराची ही गोष्ट. बिब्बा त्याने घेतला की त्याच्या आजोबाने, यावर जुन्या चरित्रकारांतही घोळ आहे. पण घराण्याला नाव चिकटलं ते औषधाचं, यात वाद नाही. ज्याच्या आठवणीवर आपला सगळा सुरुवातीचा इतिहास उभा, त्याच्या नावातच स्मरणशक्तीच्या औषधाचा इशारा आहे.

हकीमही हा धोका ओळखून होते. बलाजुर तापट प्रकृतीच्या माणसाला आणि तरुणाला देऊ नये, प्रमाण सांभाळावं, अशा ताकिदी त्यांनी दिल्या. युरोपात हे माजून 'ज्ञानी लोकांचं चाटण' म्हणून गाजलं, पुढे कुणा टीकाकाराने त्याला 'मूर्खांचं चाटण' म्हटलं, कारण ते खाऊन आठवण आणि डोकं दोन्ही घालवलेली माणसं त्याच्या डोळ्यासमोर होती.

मदरशांत आजही वाचलं जाणारं एक छोटं पुस्तक आहे, बुरहानुद्दीन जरनूजी यांचं 'तालीमुल मुतअल्लिम'. 1200च्या आसपासचं. विद्यार्थ्याने शिकावं कसं, याचं ते पुस्तक. त्यात हाफिजा वाढवणाऱ्या गोष्टींचं एक प्रकरण आहे: मिसवाक करणे, मध, साखरेसोबत कुंदुर म्हणजे एक प्रकारचा ऊद, आणि रोज अनशेपोटी एकवीस लाल मनुके. विस्मृती आणणाऱ्या गोष्टींत हिरवी कोथिंबीर, आंबट सफरचंद, कबरीवरचे लेख वाचणे, उंटांच्या रांगेमधून जाणे, जिवंत ऊ जमिनीवर टाकणे. कोथिंबिरीवर मनाई वाचून मला हसू आलं. महाराष्ट्रात हे पाळायचं तर पोह्यांचं काय करायचं?

पण त्याच पुस्तकातली दुसरी पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. जरनूजी सांगतात, सुरुवातीचा धडा एवढाच द्यावा की दोनदा म्हटला तर पाठ व्हावा, आणि मग रोज थोडा थोडा वाढवावा. एका विषयाचा कंटाळा आला तर दुसरा घ्यावा. इब्न अब्बास एका विद्येने थकले की कवींचे दीवान आणायला सांगत. इमाम मुहम्मद रात्री अभ्यासाला बसत तेव्हा वेगवेगळ्या वह्या शेजारी असत, एकीचा कंटाळा आला की दुसरी उघडत. आठशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाला हे माहीत होतं की मन एका जागी टिकत नाही, आणि त्यासाठी धड्याचा आकार बदलावा लागतो. आपण त्या पुस्तकातले मनुके उचलले आणि लहान धडा तिथेच ठेवला.

युनानी दुकानांच्या फळीवर आज काय दिसतं? खमीरा गावजबान, माजून ब्राह्मी, इत्रीफल उस्तुखुद्दूस. इत्रीफल हा शब्द म्हणजे आपलं त्रिफळा. हिंदुस्थानी वैद्यक अरबीत गेलं तेव्हा अरबांनी तो आपलासा केला. इसवी सन 850मध्ये अली इब्न रब्बन तबरी यांनी 'फिरदौस अल-हिकमा' लिहिला, त्याच्या शेवटी चरक-सुश्रुतांच्या वैद्यकावर वेगळा भाग आहे. उस्तुखुद्दूसला, म्हणजे लव्हेंडरच्या एका जातीला, हकीम 'जारूब-ए-दिमाग' म्हणतात, मेंदूचा झाडू. नाव सुंदर आहे. ब्राह्मीचं मात्र एक कोडं आहे. या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, पाणथळ जागेतली बारीक पानांची नीरब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी. बाटलीत कोणती आहे हे विकत घेणाऱ्याला बहुधा कळत नाही.

ही सगळी औषधं आठवणीसाठी, मनाच्या शांतीसाठी, फार तर मेंदूच्या 'कमजोरी'साठी बनलेली होती. आपल्या मुलाची अडचण वेगळीच आहे. त्याची आठवण शाबूत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत कोण कुठल्या सीटवर बसलं होतं ते तो सांगतो. टिकत नाही ते अवधान. आठवण आणि अवधान यांची गल्लत मी शिक्षक असून करत होतो, अत्ताराला काय दोष द्यायचा.

अवधानाचा स्वतंत्र विचार युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी दिसतो. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी 1798मध्ये मनाच्या विकारांवरच्या ग्रंथात एक प्रकरण अवधानावर लिहिलं. काहींचं लक्ष जन्मतःच कुठल्याही गोष्टीवर ठरत नाही आणि शाळेत त्याचा त्रास होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. 1902मध्ये लंडनला बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरणं जमत नाही, अशी ती मुलं. स्टिल यांनी त्याला 'नैतिक नियंत्रणाचा दोष' म्हटलं. आमच्या स्टाफरूममधल्या 'शैतान'चा तो विलायती अवतार. अमेरिकी मनोविकार यादीत 1968मध्ये हे दुखणं आलं, आणि 1987मध्ये त्याला आजचं नाव मिळालं: एडीएचडी, अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत. एखाद्या तासाला कंटाळलेलं पोरगं यात बसत नाही.

आता वनस्पती आणि गोळी यांच्या भांडणाकडे येतो. मुलाचे वडील मला म्हणाले होते, "अंग्रेजी गोली नशे की होती, जडीबूटी में क्या नुकसान?" हा समज खूप घरांत आहे. पण अंग्रेजी गोळीचा इतिहास एका जडीबुटीपासूनच सुरू होतो.

चीनमध्ये माहुआंग नावाचं झुडूप दम्यावर शेकडो वर्षं वापरात होतं. त्याचे भाऊबंद बलुचिस्तानात आणि हिमालयातही उगवतात. 1885मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी त्यातून एफेड्रीन वेगळं काढलं. 1920च्या दशकात पेकिंगमधल्या संशोधनामुळे ते जगभर पोहोचलं, आणि मागणी एवढी वाढली की पर्याय शोधणं भाग पडलं. लॉस एंजेलिसमध्ये गॉर्डन अॅलेस तो शोधत होते, त्यांच्या हाती अॅम्फेटामाइन आलं. ते 1887मध्येच बर्लिनच्या प्रयोगशाळेत बनलं होतं, पण त्याचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. 1937मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या बालरुग्णालयातल्या 30 मुलांना ते एक आठवडा दिलं. मुळात मुलांची डोकेदुखी कमी होते का, ते त्यांना पाहायचं होतं. डोकेदुखीचं जे व्हायचं ते झालं, पण 14 मुलं शाळेत एकदम लक्ष देऊन कामाला लागली. मुलांनीच त्या गोळीला 'गणिताची गोळी' म्हणायला सुरुवात केली. आज जास्त वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे त्याच जातीचं, 1944मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीत बनलेलं. बनवणाऱ्या पानिझोन यांच्या बायकोच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, ते रिटालिन झालं.

माहुआंगचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. तेच झुडूप 'नैसर्गिक' म्हणून वजन कमी करण्याच्या आणि ताकदीच्या गोळ्यांत विकलं गेलं, हृदयाचे झटके आणि मृत्यू नोंदले गेले, आणि 2004मध्ये अमेरिकेने अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली. एकाच झाडातून निघालेली ही दोन टोकं. एकीकडे मात्रा मोजलेली, तपासलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी, जिने भूक आणि झोप कमी होऊ शकते आणि म्हणून देखरेख लागते. दुसरीकडे पाल्याचं चित्र छापलेली बाटली.

आपल्याकडे मोजण्याची परंपरा नव्हती असं कुणी म्हटलं तर मी हकीम अजमल खान यांचं नाव घेईन. त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन 1921मध्ये गांधीजींनी केलं. जुन्या औषधांचा रसायनशाळेत कस लावायचा म्हणून त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकींना बोलावलं. सिद्दीकींनी वेडाच्या औषधांत वापरल्या जाणाऱ्या सर्पगंधेतून, हकिमांच्या असरोलमधून, नवे घटक वेगळे काढले आणि एकाला उस्तादाचं नाव दिलं, अजमलीन. पुढे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा मोजूनमापून वापरली आणि 1949मध्ये ब्रिटिश नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. तीन वर्षांनी त्याच सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पीन काढलं. अजमल खान यांनी ज्याची सुरुवात केली ते काम खमीरा-माजूनच्या फळीपर्यंत पोहोचलं असतं, तर त्या आईला माझ्याकडे यावं लागलं नसतं.

अलीकडे काही वनस्पतींची या विकारावर रीतसर परीक्षा झाली आहे, आणि त्यात तेहरानचे डॉक्टर पुढे आहेत याचं मला बरं वाटलं. 2010मध्ये त्यांनी गिंको या चिनी झाडाचा अर्क 50 मुलांवर मिथाइलफेनिडेटच्या शेजारी ठेवून पाहिला. गिंको मागे पडला. 2019मध्ये केशराची पाळी आली. सहा आठवड्यांत केशर घेणारी मुलं आणि गोळी घेणारी मुलं यांच्यात मोठा फरक दिसला नाही. आशा वाटावी असा निकाल, पण मुलं पन्नासच्या आसपास, वेळ दीड महिना, आणि काहीच औषध न घेणारा तिसरा गट नव्हता. यावरून कुणी घरी दुधात केशर घालून गोळी बंद करू नये. अमेरिकेत सेंट जॉन्स वर्ट या झुडपाची 54 मुलांवर परीक्षा झाली (2008), आणि ते नुसत्या खोट्या गोळीइतकंच चाललं. ब्राह्मीवर आपल्याकडे खूप काम झालंय, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तर अनेक वर्षं दिली, पण त्यातलं बरंचसं आठवणीवर आहे. पुन्हा तीच गल्लत.

खनिजांची गोष्ट जास्त रोचक आहे. 2004मध्ये पॅरिसमध्ये एरिक कोनोफाल यांनी एडीएचडीच्या 53 मुलांचं आणि इतर 27 मुलांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मोजला. पहिल्या गटाची सरासरी 23, दुसऱ्याची 44. नंतर साठा कमी असलेल्या 23 मुलांवर बारा आठवडे लोहाचा प्रयोग केला, काही मापांवर सुधारणा दिसली, काहींवर नाही. त्याच वर्षी तुर्कस्तानात 400 मुलांना जस्त देऊन पाहिलं गेलं. तिथे उतावीळपणा आणि चुळबुळ कमी झाली, अवधान मात्र सुधारलं नाही. आणि अमेरिकेतल्या प्रयोगात जस्ताचा ठोस गुण आलाच नाही. माझ्यासारख्या बिगर-डॉक्टर माणसाला यातून उमगलं ते एवढं की शरीरात उणीव असेल तिथे भरणी केल्यावर काही फरक पडतो, आणि उणीव आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. नसताना लोह चढवलं तर ते विष आहे.

आता आपल्या देशात ही उणीव किती, ते बघा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणूनच सरकार शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतं, पहिली ते पाचवीला गुलाबी, पुढच्यांना निळी. गुलाबीत 45 मिलिग्राम लोह आणि फॉलिक अॅसिड असतं. ती गोळी वाटण्याचं काम आम्हा शिक्षकांकडेच असतं. याच आईने त्या गोळीला नकार दिला होता. "सरकारी गोली से मळमळता बोलते, और भी कुछ कुछ बोलते." मी तेव्हा नुसती वहीत खूण केली, समजावलं नाही. गंमत अशी की हकिमाने डबी देताना तिला सांगितलं होतं की हा फौलादचा कुश्ता आहे. फौलाद म्हणजे लोहच. मोजलेलं लोह नाकारून न मोजलेलं चार महिने मलईतून पोटात जात होतं.

आणि निव्वळ लोहच असेल तर नशीब. कुश्ता म्हणजे धातू किंवा रत्न जाळून, घोटून केलेली राख. सोन्याचा असतो, चांदीचा असतो, पोवळ्याचा असतो. पारा-गंधकाच्या शिंगरफचा असतो, आणि कुश्ता-ए-सुर्बही असतो, म्हणजे शिशाचा. बोस्टनमधल्या दक्षिण आशियाई दुकानांतून डॉक्टर रॉबर्ट सेपर यांनी 70 आयुर्वेदिक औषधं विकत घेतली आणि 2004मध्ये निकाल प्रसिद्ध केला: 14मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 2008मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या 193 औषधांत साधारण तेवढंच, पाचातल्या एकात. आणि धातूंच्या रसशास्त्री औषधांत सुमारे 40 टक्क्यांत. तपासलेली औषधं आयुर्वेदिक होती म्हणून आपण युनानीवाल्यांनी खुशीत राहण्याचं कारण नाही, कुश्ता आणि भस्म एकाच भट्टीतले.

शिशाचं नाव वाचल्यावर मी अस्वस्थ झालो, त्याचं कारण 1979चा एक अभ्यास. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दातांत शिसं साठतं, ते त्यांनी मोजलं. मग त्या मुलांच्या शिक्षकांना एक प्रश्नावली दिली: मूल सहज विचलित होतं का, हातातलं काम अर्धवट सोडतं का, सूचना पाळू शकतं का, दिवास्वप्नात असतं का. कुणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. दातातलं शिसं जसजसं वाढत गेलं, तसतशा शिक्षकांच्या तक्रारीही वाढत गेल्या. ही मुलं आजारी नव्हती, कुणालाही विषबाधेचं लक्षण नव्हतं. फक्त वर्गात त्यांचं लक्ष नव्हतं. या आणि अशा अभ्यासांनी पेट्रोलमधलं शिसं काढण्याच्या लढ्याला बळ दिलं, भारतात ते 2000 साली गेलं. म्हणजे, अवधान यावं म्हणून ज्या भट्टीतली भुकटी आपण मुलाला चाटवतो, तिच्यात अवधान घालवणारा धातू असण्याची शक्यता आहे. बलाजुरीची गोष्ट अकराशे वर्षांनी पुन्हा घडायला याहून जास्त काही लागत नाही.

इथे सुरम्याचाही विषय काढतो, कुणाला राग आला तरी. हदीसमध्ये उल्लेख आहे तो इस्मिदचा, ज्याचा अर्थ अँटिमनी लावला जातो. बाजारातला काळा चमकदार सुरमा अनेकदा गॅलेना या दगडाचा असतो, आणि गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. बाळाच्या डोळ्यांतून, चोळलेल्या बोटांतून ते तोंडात जातं. माझ्या घरातली सुरमेदानी आईच्या लग्नातली आहे, पितळी, नक्षीची. आता ती कपाटात शोभेला असते.

आता त्या मुलाचं. आई त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे. मला एक फॉर्म भरायला आला, नीडलमन यांच्या प्रश्नावलीसारखाच. तो भरताना 'शैतान' हा पर्याय कुठेच नव्हता. फेरिटिन खूपच कमी निघालं, लोहाचं औषध मात्रेने सुरू झालं. शिशाची तपासणी आमच्या तालुक्यात होत नाही. डॉक्टरांनी ती डबी बंद करायला सांगितलं, त्यामुळे तिच्यात शिसं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी रक्त सुधारलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली, संध्याकाळी थकून झोपणं थांबलं. चंचलपणा थोडा उतरला, पण गेला नाही. निदान एडीएचडीचंच झालं आणि गोळी सुचवली गेली. वडिलांनी दोन आठवडे विचार केला, मशिदीतल्या इमाम साहेबांनाही विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "चष्मा लगाते क्या नहीं?" मग गोळी सुरू झाली. भूक कमी होते म्हणून आई सकाळी गोळीच्या आधी भरपेट नाश्ता देते.

वर्गात मी त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवलं. कविता दोन-दोन ओळींनी देतो, दोनदा म्हणून घेतो, मग त्याला फळा पुसायला किंवा हजेरीचा रजिस्टर ऑफिसात द्यायला पाठवतो, परत आला की पुढच्या दोन ओळी. मार्चपर्यंत तीन कविता पूर्ण झाल्या. इतरांच्या सहा झाल्या होत्या.

निकालाच्या दिवशी आई आली तेव्हा मी तिला जरनूजींची गोष्ट सांगितली, मनुक्यांसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो सर, मनुके तो दे सकते ना?" म्हटलं, जरूर द्या, धुऊन द्या, त्याला आवडतात तेवढे द्या. तिने पिशवीतून पेन काढून हातावर लिहून घेतलं: एकवीस.